घरटी एक पात्र

दुसरी घंटा झाली आहे. पडदा अजून बंद आहे आणि त्याच्यामागे लग्नघर सजलं आहे. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, मधोमध एक लाकडी बाकडं. डाव्या विंगेत मुलीकडचं वऱ्हाड, उजव्या विंगेत मुलाकडचं. कुणी मिशी चिकटवतंय, कुणी नथ सावरतंय, कुणी भिंतीकडे तोंड करून आपली दोन वाक्यं पुटपुटतंय. पडद्यापुढे पनवेलकर रसिक खुर्च्या शोधताहेत. आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात उभे आहेत काशिराम. नाटककार काशिराम!

उभा जन्म त्यांनी द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनर मोजण्यात घालवला. पण खाडीकाठच्या त्यांच्या कोळीवाड्यात त्यांना कुणी गोदामवाला म्हटलं नाही. देवीच्या जत्रेला दरसाल नवं नाटक लागे, ते विनोदीच लागे आणि ते काशिरामांनीच लिहायचं असे.

लिहिणं सोपं नव्हतं. वाड्याचा एक कायदा होता: घरटी एक पात्र. एखादं घर वगळलं, तर नाटक होत नाही. इतर नाट्यमंडळं कमी माणसांत नाटक कसं बसवावं या विवंचनेत असतात. काशिरामांना विवंचना असे ती माणसं वाढवण्याची. म्हणून त्यांच्या नाटकांत सदा लग्नं, बारशी आणि पोलिसांच्या धाडी. एका घरात उरला होता एकटाच माणूस, तोही भयंकर लाजरा. काशिरामांनी त्याच्यासाठी अंकभर चादर पांघरून झोपलेला पाहुणा लिहिला. प्रयोगात पाहुणा खरोखरच झोपला, घोरला, आणि त्या वर्षीचा सगळ्यांत मोठा हशा त्यानेच घेतला.

नाटक लिहायला बसले की काशिराम डोळे मिटत आणि मनातल्या मनात देवळापासून धक्क्यापर्यंत चालत जात. एकेका दारापाशी थांबत. दारात जो दिसे, त्याच्या तोंडी संवाद येई.

यंदाचं नाटक मात्र जत्रेच्या मांडवातलं नव्हतं. पनवेलच्या नाट्यगृहात, तिकीट लावून, वाड्याचा पहिलाच प्रयोग. नाटकाचं नाव ‘नवरदेव खाडीत’. नवरदेवाची होडी ओहोटीला चिखलात रुतलेली, मुहूर्त जवळ आलेला, आणि मुलाकडचा प्रत्येक जण मुलीकडच्यांना वेगळी थाप मारतोय, अशी गंमत. दिग्दर्शन काशिरामांची नात समृद्धी करत होती.

“आजोबा, विंगेत पाय ठेवायला जागा नाहीये,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी प्लीज सहा माणसांचं लिहा.”

“सहा मानसांत लगीन लागतं काय गो?”

इतक्यात मागच्या दारातून वाड्यातल्या म्हाताऱ्या सोनाबाई आत आल्या. हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात काठी. पावसाळ्यानंतर त्या मुलाच्या, हितेशच्या, नवीन पनवेलच्या फ्लॅटवर राहायला गेल्या होत्या. वाड्यातल्या घराला कुलूप होतं. नाटक पनवेलातच आहे म्हटल्यावर एकट्याच रिक्षा करून आल्या होत्या.

“काशा,” त्यांनी विचारलं, “माज्या घरचं कोन हाय नाटकात?”

डोळे मिटून चालताना काशिरामांना ते दार दिसलं होतं, दाराचं कुलूपही दिसलं होतं, आणि ते पुढे निघून गेले होते. ज्या घराच्या ओटीवर त्यांच्या पहिल्या नाटकाच्या तालमी झाल्या, तेच घर!

“वयनी… चूक झाली.”

“चूक नाय. माजं घर मेलं, आसं वाटलं तुला.”

त्या तरातरा चालत गेल्या आणि लग्नघरातल्या बाकड्यावर जाऊन बसल्या. काठी आडवी मांडीवर. “आता करा नाटक.”

“आजी, तिसरी घंटा व्हायचीये,” समृद्धी रडकुंडीला आली. “तुम्ही पुढे बसा ना, पहिल्या रांगेत.”

“पहिल्या रांगेत पाव्हनं बसतात.”

दोन्ही विंगांतून वाडा बघत होता. कायदा सगळ्यांना ठाऊक होता. मुलाच्या मामाचं काम करणाऱ्या जीवनने तर डोक्यावरचा फेटा उतरवून हातात घेतला. आता सोनाबाईंना उठवून पडदा उघडला, तर ते वाड्याचं नाटक राहणार नव्हतं. आणि नाही उघडला, तर पुढे भरलेलं नाट्यगृह होतं.

काशिरामांनी बाकड्याकडे पाहिलं. लग्नघरात मधोमध बसलेली एक म्हातारी. अशी म्हातारी त्यांनी कुठल्या लग्नात पाहिली नव्हती? मुलीकडच्यांना वाटतं ती मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची, आणि विचारायची कुणाची छाती होत नाही!

ते धोतर सावरत डाव्या विंगेत धावले, मग उजव्या. “वयनी बसूंदे. जो आत जाईल त्यानं तिला इचारायचं, तुमी कोनाकडच्या? ती काय बोलंल ते बोलंल. मंग आपलं वाक्य घ्यायचं.”

“आजोबा, त्यांना नाटकच माहीत नाहीये!”

“वाड्यातल्या लग्नात बसायला तिला नाटक म्हायती पायजे? दे घंटा!”

तिसरी घंटा. पडदा उघडला.

जीवन फेटा बांधत शिरला, बाकड्यापुढे लवून म्हणाला, “नमस्कार! आपण मुलीकडच्या ना?”

“मी कोनाकडची नाय. मी हितलीच. तू कोन?”

पहिला हशा तिथेच फुटला. मुलीची आई आली. “तुम्ही मुलाची आजी का?”

“आजी आसंन तुजी.”

जीवनला आता सूर सापडला होता. तो सोनाबाईंच्या कानाशी लागला, “कुणाला सांगू नका हं, नवरदेव आंघोळीला गेलाय.”

सोनाबाई घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आजून? मानूस हाय का मासली?”

नाट्यगृह गदगदून हललं. पुढचा काका आला आणि नवरदेव पूजेला बसलाय म्हणाला. “ओल्या अंगानं?” मावशीने सांगितलं, नवरदेवाला झोप लागलीय. “पूजेत?” काशिरामांनी रचलेली एकेक थाप त्या बाकड्यावर येऊन आपटत होती आणि दुप्पट हशा घेऊन परतत होती. विंगेत समृद्धीने तोंडात रुमाल कोंबला होता. डोळ्यांतून पाणी, ते हसण्याचं.

अखेर नवरदेव चिखलाने माखून आला, सगळ्या थापा उघड्या पडल्या, आणि दोन्ही वऱ्हाडं एका सुरात ओरडली, “पण ही बाई कोणाची?”

सोनाबाई काठी टेकत उठल्या. “ह्या वाड्याची! दाराला कुलूप लावलं म्हनून मानूस सरत नाय.”

त्यांनी दोन्ही वऱ्हाडांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “आता जेवान कवा वाढताय?”

टाळ्या! काय त्या टाळ्या! मागच्या रांगा उभ्या राहिल्या, मग पुढच्या. काशिरामांना दोघांनी ओढून रंगमंचावर नेलं, तेव्हा सोनाबाईंनी त्यांचा हात धरून वर उचलला, होडीभर मासळी घेऊन परतलेल्या नाखव्याचा उचलावा तसा.

पडदा पडल्यावर त्या म्हणाल्या, “म्होरल्या साली उभ्यानं काम दे. बसून ढोपरं धरली माजी.”

मग भेटायला आलेल्यांची रीघ लागली. त्यात खारघरच्या एका सोसायटीच्या नाट्यमंडळाचे शैलेश होते. काशिरामांच्या पाया पडून ते म्हणाले, “काका, हे नाटक आम्हाला हवंय. गणपतीत करू. फक्त आमच्याकडे कलाकार सातच आहेत, तेवढी पात्रं कमी करून द्याल?”

काशिरामांनी कपाळाचा घाम पुसला. चेहरा असा फुलला होता की मेकअपच्या दिव्यांनी लाजावं.

“कमी नाय करनार,” ते म्हणाले. “सोसायटीत तुमच्या घरं किती, ते सांगा.”