धाड नव्हे, टोळधाड

सीमेवर तणाव होता आणि आमची कंपनी राजस्थानच्या वाळवंटात पुढच्या ठाण्यावर होती. मी हुद्द्याने नाईक, गाव बेळगावजवळचं बेळगुंदी, काम कंपनीच्या रेडिओ सेटवर. पहाटे साडेचारला उठायचं, पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज बसायचं. साडेसातला लंगरात न्याहारी. आम्ही ताटं वाजवत आलो की आचारी ओरडायचा, "आली टोळधाड!" तो शब्द मला एवढ्यापुरताच ठाऊक होता. आमच्याकडे लग्नात जास्तीचे पाहुणे आले तरी हाच शब्द. खरे टोळ पाहिलेत कुणी?

लान्स नाईक आदगोंडा निपाणीजवळच्या जैन शेतकरी घरातला. आईशी कानडी, बाजारात मराठी. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायचा. बंकरमध्ये भुंगा शिरला तर पोस्टकार्डावर उचलून बाहेर नेऊन सोडायचा.

"हातात रायफल, आणि भुंग्याला जपतोस व्हय रं?" मी चिडवायचो.

"भुंगा कुठं आपल्यावर चालून आलाय, अण्णा?"

पोरगा सोन्यासारखा, पण रेडिओवर एक खोड. स्विच दाबायच्या आधीच बोलायला लागायचा. सेटला जागं व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात बोललेलं हवेतच राहतं. तो सांगायचा ‘पाणी संपलं’, मला ऐकू यायचं ‘संपलं’, आणि मला वाटायचं, कुणी माणूसच संपला.

"दाब, मनात एक-दोन म्हण, मग तोंड उघड," मी शंभरदा सांगितलं. तो दर वेळी "व्हय अण्णा" म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी दुपारी दोनला आदगोंडा आणि तीन जवान पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, गेले, पश्चिमेच्या टिब्ब्यापलीकडे. टिब्बा म्हणजे वाळूची टेकडी. चार वाजून दहा मिनिटांनी सेट खरखरला.

"...धाड आलीया, अण्णा! लई मोठी!"

मी ताठ झालो. "किती हाईत?"

"...मोजाय येत न्हाई! आभाळ झाकलंय! आम्ही माघारी पळतोय!"

मी तसंच्या तसं मेजरसाहेबांना सांगितलं. साहेब हरियाणाचे, बोलणं मोजकं. त्यांनी टिब्ब्याकडे दुर्बीण लावली. मागे तपकिरी ढग उठत होता, गाड्यांचा ताफा यावा तसा.

"एमएमजी लोड. टिब्बे पर जो दिखे, मेरे हुक्म पर फायर."

मशीनगनचा पट्टा चढल्याचा आवाज मला पाठीमागून आला. मी साहेबांकडे वळलो.

"सर, हमारे चार जवान उधर से ही आएँगे."

"पता है. पूछो, पीछे कौन है."

मी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं. नुसती खरखर. ढग वाढत होता. मेजरसाहेबांचा हात वर गेला होता. तो खाली आला की गोळ्या सुटणार, आणि टिब्ब्यावर पहिलं डोकं दिसणार ते आदगोंडाचं.

घाबरला की आदगोंडा आईच्या भाषेवर जायचा, हे मला आठवलं. आमच्या बेळगावात भाषेवरून भांडायला माणसं कमी नाहीत. तरुणपणी मीही एका पाटीवरून घसा बसेपर्यंत ओरडलोय. पण त्या मिनिटाला मी सेटमध्ये कानडीत ओरडलो, "आद्या, यार बंदारो?" कोण आलेत?

"...डते! मिडते! मनश्यारल्लो अण्णा, मिडते!"

माणसं नव्हेत, टोळ! मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. धाड नव्हे, टोळधाड! गड्याने नेहमीप्रमाणे ‘टोळ’ हवेत सोडला होता आणि नुसती धाड माझ्या गळ्यात मारली होती.

"सर, मिडते!"

"कौन मिडते?"

"सर, टोळ!"

"कौन सा टोल?"

हिंदी शब्द काही केल्या तोंडात येईना. शेवटी मी दोन्ही हात पसरले आणि मेजरसाहेबांसमोर पंख फडफडवले. नाईक उन्हाने बिघडला, असं साहेबांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. तेवढ्यात त्यांच्या नकाशावर टप्पकन काहीतरी पडलं. बोटभर लांब, पिवळं, काटेरी तंगड्यांचं.

"टिड्डी!" साहेब गरजले. "कोई फायर नहीं करेगा! गन खाली करो!"

दोन मिनिटांत टिब्ब्यावर चार डोकी दिसली. त्यांच्यामागून आख्खं आभाळ आलं. बेळगावच्या वडगावातले सगळे यंत्रमाग एकदम सुरू व्हावेत तसा आवाज. ऊन मंदावलं. टोळ हेल्मेटवर, मोर्चात, सेटवर, चहाच्या मगात. आम्ही जवान लहान पोरांसारखे ओरडत होतो, हसत होतो, ताटं वाजवत होतो. आचारी तर डाळीच्या पातेल्यावर आडवा पडला होता. मी आयुष्यात इतका आनंदाने कधी ओरडलो नाही, कारण चारही जण माझ्यासमोर धापा टाकत उभे होते.

"चिरडू नगासा रं!" आदगोंडा बाहीवरचा एकेक टोळ अलगद उडवत म्हणाला.

मी त्याची गचांडी धरली. "टोळ कुठं गेला, टोळ?"

"हे काय अण्णा, सगळीकडं हाईत की!"

संध्याकाळी साहेबांनी बटालियनला सिटरेप, म्हणजे परिस्थितीचा अहवाल, पाठवला. तो मीच वाचून दाखवला: शत्रू टिड्डी, संख्या अगणित, दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे, आपली हानी एक पातेलं डाळ. पलीकडचा ऑपरेटर हसू आवरत "रॉजर" म्हणाला.

पुढच्या वर्षी पलटण उत्तरेच्या डोंगरात गेली. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी वरून गोळीबाराचा आवाज आला. आदगोंडाचं पेट्रोल तिकडेच होतं. समोर दोन नाले होते, आणि ते कुठल्या नाल्यात आहेत ते आम्हाला कळेना. मग सेटवर खरखर सुरू झाली. स्विच दाबलेला, पण शब्द नाही. तो मोजत होता.

"डावा नाला. दोघं जखमी. या."

पहिल्या अक्षरापासून स्पष्ट. आम्ही डाव्या नाल्यात शिरलो. ते दोघे आज आपापल्या घरी आहेत. आदगोंडाला मात्र आम्ही खांद्यावरच खाली आणलं.

मी पेन्शनवर आलो. दर वर्षी निपाणीला त्याच्या घरी जातो. त्याच्या आईला मी अव्वा म्हणतो. ती टोळांची गोष्ट सांगायला लावते, आणि मी पंख फडफडवले की पदर तोंडाला लावून हसते. डाव्या नाल्याचं तिला कधी सांगितलं नव्हतं. यंदा सांगितलं. बोलायच्या आधी त्याने मी शिकवलेलं एक-दोन मोजलं, तेही सांगितलं.

अव्वाने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"फौजेत जाऊ नगो म्हटल्यालं. माझं काय ऐकलं न्हाई त्यानं," ती म्हणाली. "तुझं तेवढं ऐकलं की रं."