यशोदाकाकीच्या मासळीवरचा उजेड

आधीच सांगते, तो दिवा मलाही हवा होता. तिठ्यावर माझं शिलाईचं दुकान. संध्याकाळी बायका ब्लाउज घेऊन बाहेर खांबाखाली जायच्या, त्या पिवळ्या उजेडात धरून बघायच्या आणि परत येऊन मलाच सुनवायच्या, "सँड्रीना, अस्तराचो रंग वेगळो लागता गो!" त्या उजेडात हिरवं, निळं, काळं सगळं एकच दिसायचं. किती जणींशी डोकं फोडायचं? म्हणून दोन हजार दहाच्या दिवाळीआधी वीज वाचवणारे एलईडी दिवे आले, नारळ फुटला, भाषणं झाली, तेव्हा टाळ्या वाजवायला मी सगळ्यांच्या पुढे होते.

त्या खांबाच्या बुडाशी यशोदाकाकी मासळी घेऊन बसते. लग्न होऊन आली ती सासूच्या शेजारी बसून विकायला शिकली, सासू गेल्यावर जागा तिची झाली. संध्याकाळी होड्या लागल्या की ती टोपली घेऊन यायची आणि दोन राशी मांडायची. उजवीकडे आजची मासळी, डावीकडे कालची, बर्फातली. लपवाछपवी नाहीच. "हो कालचो बांगडो. तळू नको, मसालो घालून तिखला कर," असं आपणच सांगून कमी भावात द्यायची. पिवळ्या दिव्यात माशाचा कल्ला लाल की काळा, कुणाला कळणार? त्यामुळे उघडून कुणी बघतच नसे. काकी म्हणाली आजचा, म्हणजे आजचा. माझे पप्पा, जासिंत मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. ते तर पिशवीचं तोंड उघडून धरायचे आणि तिच्याशी वाऱ्यापावसाच्या गप्पा मारत राहायचे. पिशवीत काय पडलं ते घरी आल्यावर कळायचं.

पांढरा दिवा लागला आणि जो तो डॉक्टर झाला! येईल तो वाकतो, मासा उचलतो, कल्ला उचकटतो, पोट दाबतो, वास घेतो आणि परत टाकतो. "मेल्या, मासो व्हयो की लग्नाक चेडू बघूक इलंस?" काकी ओरडायची. इतक्या हातांतून फिरून मासा मऊ पडायचा, आणि मग पुढचा शहाणा म्हणणार, काकी, मासा मऊ आहे! माझं दुकानात बसून डोकं उठायचं.

त्यात मोबाइलच्या दुकानातला नितेश. ह्याला कुणी विचारलं होतं? एका संध्याकाळी उजव्या राशीतला बांगडा सगळ्यांसमोर वर धरून म्हणतो, "ह्येचो कल्लो फिको आसा. काकी, कालचो मासो आजच्यात घातलंस!" फिका होता, खरं आहे. पण होडीतल्या बर्फाच्या पाण्यात राहिला की ताज्या माशाचाही कल्ला फिका पडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काकीनं घसा फोडून सांगितलं. ऐकतो कोण! आता दिसतंय ना डोळ्यांना! बघता बघता अर्धी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. "शिरा पडो तुझ्या तोंडार," असा शाप काकीनं आधी नितेशला दिला, मग मान वर करून त्या दिव्याला.

"काकी, लक्ष देव नको," मी तिला समजवायला गेले.

"मासळी नाय खपली तर सुकवीन गो," ती म्हणाली. "पण माका खोटी म्हणतत." आणि पदरानं डोळे पुसले. ह्या बाईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर एकदा पप्पा आले तेव्हा काकीसमोर चारपाच जण कल्ले उचकटत उभे होते, नितेशसुद्धा. पप्पांना बघून काकीचा चेहरा खुलला. "ह्यांका इचारा!" ती मोठ्यानं म्हणाली. "मास्तरांनी कधी मासो उघडून बघल्यानी?" आणि उजवीकडचे बांगडे उचलून त्यांच्यापुढे केले.

पप्पांनी पिशवी उघडली नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, एक बांगडा हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि बोटानं कल्ला वर केला.

"लाल आसा," वर्गात सांगावं तसं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "बघून घेवा. एकदम ताजो. यशोदा खोटा बोलणा नाय."

अरे देवा! मी दारात कात्री हातात घेऊन उभी. काकीनं बांगडे पिशवीत टाकले आणि खाली बघत बसली. नितेश मात्र मान डोलावत म्हणाला, "मास्तर म्हणतत म्हणजे बरोबर," आणि तिथल्या तिथे मासे घेऊन गेला. गिऱ्हाइकं परत आली, धंदा सावरला, आणि पप्पा अगदी खुशीत घरी आले.

मी तडकलेच. "पप्पा, तुमी कशाक बघलास?"

"अगो, तिच्याचसाठी! लोकांका पटाक नको?"

"तिच्यासाठी न बघताच घेवचो होतो!"

 त्या रात्री बांगडा त्यांच्या ताटात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीचं तोंड उघडून तिच्यासमोर उभे राहिले. काकीनं बांगडा उचलला, पण पिशवीत टाकला नाही. कल्ला उघडून त्यांच्या नाकासमोर धरला. तेव्हापासून रोज हेच. पप्पा मान फिरवून रस्त्याकडे बघत राहतात आणि तिचा हात काही खाली येत नाही.

"नको गो यशोदा, माका बघूचा नाय."

"बघा मास्तरानू," ती म्हणते. "एवढी लायट लावलीहा ती कशाक?"