चावडीसमोरची खिडकी

खिडकीची टूम आवडत न्हाई म्हणून मला जुनाट कावून म्हणता बे? आज काय झालं ते आपल्या मंडळाच्या या फळ्यावर लिहितो, वाचा अन् मग बोला.

सकाळी आमच्या घरी गवंडी आला. माझ्या खोलीतला कोनाडा फोडून तिथं हैदराबादेसारखी मोठी काचेची खिडकी काढायची म्हणे. आमच्या रस्त्याकडच्या भिंतीला आजवर भोक न्हाई, उजेड वर छताच्या, माळवदाच्या झरोक्यातून येतो. त्या कोनाड्यात माझ्या कवितांच्या वह्या असतात.

"आबा, मागल्या अंगाला काढा की," मी वडलांना म्हणालो.

"मागं कोण बघणार? तुझी सोयरीक जमायची हाय, पाव्हण्यांना रस्त्यावरनं दिसाया पायजे!"

गवंडी सहज बोलला, "समोर चावडीच हाय, मालक. धाकले मालक लिहायला बसले की तिथनं साफ दिसतील."

आबांनी चावडीकडं मान वळवली. परवाच त्या चावडीत बसणारा पोलीस जमादार आमच्याकडं चहा पिऊन गेलता. पोरगा दिवसभर काय लिहितो, असं इचारत होता.

उजेड मलाबी आवडतो. पण तुमच्या घरात कुणी खिडकी सुचवली, तर समोर कोण बसतंय ते बघता का?

जबाब खाली लिहा. वह्या काखेत घेऊन मी निघालो. कुठं, ते तुमालाबी सांगत न्हाई.