बेटावरच्या चर्चला बोललेला नवस

जानेवारी, दुसरा शनिवार. हजर: मी, नवरा, लेक, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि समोरच्या फ्लॅटमधली वसईची मैत्रीण. गैरहजर: मैत्रिणीचा नवरा. तो मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहे आणि सोमवारपासून त्याचा फोन नव्हता.

बेटावरचं जुनं चर्च बघायची टूम तिचीच. बोटीचं बुकिंग आधीच झालेलं. "घरी बसून तरी काय करू? येते," म्हणाली. दुबईच्या अल नहदाहून पहाटे निघालो. मी तिला इडल्या दिल्या, त्या तिने लेकीला दिल्या आणि जेट्टीपर्यंत फोन बघत बसली. बोट सुटल्यावर रेंज गेली.

"आता परत फिरता येईल का गं?"

येणार नव्हतं.

चर्च म्हणजे गुडघ्याएवढ्या भिंती, वर छप्पर, भोवती दोरी. बारा-तेराशे वर्षांपूर्वी इथे ख्रिस्ती साधू राहायचे, असं गाईड सांगत होता. मैत्रीण फोन उंच धरून रेंज शोधत होती.

सासूबाईंनी चपला काढल्या.

"आजी, इट्स अ रुइन! नोबडी प्रेज हिअर," लेक म्हणाली.

"तू गप. भिंती पडल्या म्हणून देव जातो होय?"

"माताजी, चप्पल पहनो, पत्थर चुभेगा," वॉचमन म्हणाला.

"बाद में पहनती," असं म्हणून त्यांनी मैत्रिणीचा हात धरला आणि दोरीबाहेरून प्रदक्षिणा सुरू केली. जिथे वेदी होती त्या टोकाशी थांबून मोठ्याने म्हणाल्या, "देवा, हिच्या नवऱ्याचा फोन येऊ दे. ही तुला इथे येऊन पाच प्रदक्षिणा घालेल."

"काकू, आमच्यात प्रदक्षिणा नसतात!" मैत्रीण हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"मग काय असतं?"

"मेणबत्ती."

"मग पाच मेणबत्त्या."

"माताजी, इधर आग मना है."

"अहो, बोलून झालं आता!"

"यल्ला, चलो, बोट निकलेगी," गाईड ओरडला.

परतताना रेंज आली, मेसेजवर मेसेज आले, पण त्याचा एकही नव्हता.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. जहाजावरची यंत्रणा बंद पडली होती, आता बंदरात पोचले होते. मैत्रीण आमची बेल वाजवतच सुटली.

महिनाअखेरीस सासूबाई पुण्याला गेल्या. विमानतळावर, पासपोर्टच्या रांगेतूनही त्यांनी ओरडून सांगितलं, "पाच हं!"

मी सुचवलं, तुमच्या नेहमीच्या चर्चमध्ये लाव. मैत्रीण नाही म्हणते. बोललं तिथेच फेडायचं. बॅटरीवर पेटणारी खोटी मेणबत्तीही चालणार नाही. आता त्याचा फोन तासभर लांबला की ती दार उघडून माझ्याकडे येते आणि नुसती उभी राहते.

परवानगीसाठी मी बेटाच्या ऑफिसात दोनदा फोन केला. "इन्शाल्ला, मॅडम," म्हणाले. मेणबत्त्या लावायच्या राहिल्याच आहेत.