शीरखुर्मा, बर्फ आणि जस्मिनचं सातवं प्रकरण

सांगलीत आमचं छोटंसं प्रकाशन आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी कादंबऱ्या काढतो आम्ही. मी तिथं संपादक. म्हणजे हस्तलिखितं वाचायची, लेखकांची बोलणी खायची आणि मालकांचा चहा प्यायचा. नऊ वर्षांत पुस्तकं झाली त्याच्या चौपट किस्से झालेत. पुस्तकं तरी गठ्ठे बांधून माळ्यावर टाकता येतात. किस्से कुठं टाकायचे?

आमचे मालक अण्णा. पाटणकडचे, ऊसवाल्या मराठ्यांच्या घरातले, पण बोलणं एकदम छापील. एकदा ते पुण्याला कसल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाले, "यापुढे आपल्या प्रत्येक पुस्तकात सगळे धर्म पाहिजेत. मुलांना डायव्हर्सिटी कळली पाहिजे!"

झालं. तिथून सगळं सुरू झालं.

*

दोन महिन्यांत प्रत्येक हस्तलिखितात एक सलीम यायला लागला. सलीमला काम एकच. नायकाला घरी न्यायचं आणि शीरखुर्मा खायला घालायचा. एका कादंबरीत तर गणपती ते दिवाळी एवढ्यात त्यानं तीनदा ईद साजरी केली! मी लेखकाला फोन लावला.

"सर, एवढ्यात तीन ईद?"

"अहो, शीरखुर्मा काढला तर तो मुसलमान आहे हे वाचकाला कळणार कसं?"

"नाव सलीम आहे ना त्याचं!"

सर जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे. दोन ईद ठेवू!"

*

मिरजेतल्या एका ख्रिश्चन मुलीची गोष्ट होती. चित्रकारानं मुखपृष्ठ पाठवलं. छपरावर बर्फ, अंगणात बर्फ, पोरीच्या डोक्याला लोकरीची टोपी.

मी म्हटलं, "अरे, मिरजेत बर्फ फक्त उसाच्या रसात असतो!"

"ताई, पण बर्फ काढला तर ती आपल्यातलीच वाटते हो!"

त्याला दोष तरी काय देणार? अण्णांना ते चित्र फार आवडलं.

*

आमचा बाइंडर जैन. घरी हळदीचं रान. कादंबरीची पानं दुमडता दुमडता तो सगळी वाचून काढतो. एका पुस्तकात जैन मुलगा लाल पगडी घालून पेढीवर बसलेला होता. बाइंडर ते पान घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"ताई, ह्यो कुठला जैन म्हनायचा? माझ्या आज्ज्यानं उभ्या जन्मात तराजू धरला न्हाई, नांगर धरला!"

मी लगेच अण्णांकडं गेले. अण्णा वैतागले. "बाइंडरचं मत कशाला घेता? जैन समाजाचा कुणी जाणकार बघा!"

*

मग अण्णांनी फॉर्म काढला. लेखकानं हस्तलिखिताबरोबर भरून द्यायचा. पात्राचं नाव, पात्राचा धर्म, आणि धर्म कोणत्या पानावर कळतो. पहिल्या दहा पानांत कळला तर उत्तम!

फॉर्म आले. सलीम, डेव्हिड, पारस, सगळ्यांचे रकाने व्यवस्थित भरलेले. नायकापुढचा रकाना मात्र सगळ्यांनी कोरा ठेवलेला. सगळ्यांनी! एका लेखिकाबाईंना मी विचारलं, "तुमच्या रोहनचा धर्म लिहायचा राहिलाय."

बाई हसल्या. "छे हो, रोहन साधाच मुलगा आहे!"

*

जस्मिन मुल्ला माधवनगरच्या शाळेत शिकवते. तिची कादंबरी दोन वर्षं आमच्याकडं पडून होती आणि खरं सांगते, नऊ वर्षांत माझ्या हातात आलेलं ते सगळ्यात चांगलं हस्तलिखित. आलिया नावाची नववीतली मुलगी, खो-खोची कॅप्टन. घरी आमटी-भाकरी, भावाशी भांडणं. शीरखुर्मा एकदाही नाही! धर्म येतो तो थेट सातव्या प्रकरणात. गावात मोहरमचा पीर बसतो. पिराचा पंजा, म्हणजे हाताच्या आकाराचं निशाण, उचलायचा पहिला मान पाटलाच्या घराचा, म्हणून म्हातारे पाटील त्या दिवसांत अनवाणी राहतात आणि आलिया त्यांच्या पायातले काटे काढते.

अण्णांनी शेवटी जस्मिनला बोलावलं. त्या आठवड्यात ते ऑफिसात अनवाणीच हिंडत होते. टाचेला हवा लागू द्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे.

"मॅडम, बाकी ठीक आहे. पण सातवं प्रकरण पटत नाही. मराठ्याच्या घरात पिराचा मान? डायव्हर्सिटीसाठी ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. ते काढा, पुढच्या महिन्यात पुस्तक छापू."

"आणि नाही काढलं तर?"

"तर मग दुसरा प्रकाशक बघा."

मला इतका राग आला की मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. जस्मिननं फाइल उचलली, पर्समध्ये कोंबायला लागली. पहिलं पुस्तक होतं तिचं.

तेवढ्यात अण्णांचा मोबाइल वाजला. गावाकडनं आई. म्हातारीला कमी ऐकू येतं, त्यामुळं ती ओरडून बोलते आणि स्पीकर नसला तरी सगळ्या ऑफिसला ऐकू जातं.

"लेका, कवा येतूयास रं? पंजा उचलायला आपल्या घरातलं मानूस नगं व्हय? समदी खोळंबल्यात!"

"येतो आई, उद्या येतो."

"आन् पायात काय घातलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई गं आई."

फोन ठेवला. बाइंडरनं पानं दुमडायची थांबवली. जस्मिन फाइल छातीशी धरून तशीच उभी. अण्णा बराच वेळ टेबलाखाली बघत होते. मग त्यांनी फाइलसाठी हात पुढं केला.

"मॅडम, त्या प्रकरणात पाटील किती दिवस अनवाणी राहतो?"

"पाच."

"धा करा," अण्णा म्हणाले. "आमच्यात धा दिवस आस्त्यात."