पेणहून आलेली मरिया

मी नऊ वर्षांची होईपर्यंत आमच्या घरी नाताळचा गोठा अर्धाच मांडला जाई. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमचं गाव. तिथल्या ख्रिस्ती घरांतून डिसेंबरात येशूजन्माच्या देखाव्याचे पेंढ्याचे गोठे होत आणि लोक ते बघत दारोदार फिरत.

आमचे वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा भांडी, माड, सगळं सुरळीत वाटलं गेलं. गोठ्यातल्या, आजोबांच्या मातीच्या मूर्तींवरून मात्र आई आणि काकीची जुंपली. शेवटी काकांनी वैतागून त्या दोन टोपल्यांत भरल्या. काकीकडे मरिया आणि योसेफ गेले, आमच्याकडे बाळ येशू, गाय आणि गाढव. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. आमचं बाळ आईविना निजायचं, आणि काकीची मरिया रिकाम्या गव्हाणीकडे बघत बसायची. बघायला येणारे मुकाट्याने दोन्ही घरी नेवऱ्या खाऊन जात.

तिसऱ्या वर्षी आईने हट्ट धरला. वडील सुपारी घेऊन पेणला जात असत, तिथल्या गणपतीच्या कारागिराकडून एक मरिया करून आणा म्हणाली. वडील मितभाषी. त्यांनी कारागिराला एवढंच सांगितलं की देवाची आई आहे, नुकतीच बाळंत झालीय, गोठ्यात बसलीय, थंडीचे दिवस आहेत.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आईने वडिलांनी पेणहून आणलेल्या टोपलीतला पेंढा बाजूला करून मूर्ती बाहेर काढली आणि बघतच राहिली. मरियेच्या नाकात नथ होती, हातात हिरव्या बांगड्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून डोक्याला कानांवरून फडकं बांधलेलं. आणि पायांपाशी, कुणी न सांगता केलेली, लाल निखाऱ्यांची इवली शेगडी.

आई आधी रागावली. ही कुठली मरिया, पाद्रीबाबा काय म्हणतील, असं बरंच बोलली. मग बोलता बोलता थांबली आणि मूर्तीसमोर खाली बसली.

“इतकी वर्षं हिच्यापुढे मेणबत्त्या लावल्या,” ती हळू आवाजात म्हणाली, “पण ही गारठली असेल, हे आपल्या कुणाच्या मनात आलं न्हाय.”

मी ही बातमी गावभर केली. दुपारी काकी दारात उभी. तीन वर्षांत तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. नथ बघून तिला हसू आवरेना, पण शेगडीकडे नजर गेल्यावर ते हसू थांबलं. तिचं पहिलं बाळंतपण पौषातलं. तेव्हा पहाटे उठून तिची शेगडी पेटवायची ती माझी आईच.

“वयनी,” काकी म्हणाली, “माझी मरिया रिकाम्या हातांनी बसलीय.”

आईने गव्हाणीतलं बाळ उचलून तिच्या हातात दिलं. काकीने ते क्षणभर धरलं आणि परत ठेवलं. मग घरी जाऊन आपली मरिया आणि योसेफ पदराखाली झाकून घेऊन आली.

त्या वर्षी आमच्या गोठ्यात एका बाळाला दोन आया होत्या. पाद्रीबाबा आले, वाकून बराच वेळ बघत राहिले. यातली खरी मरिया कोणती, असं त्यांनी हसत विचारलं. आईने काकीच्या मूर्तीकडे बोट दाखवलं, काकीने आमच्या. पाद्रीबाबांनी दोघींना आशीर्वाद दिला आणि नेवरी मागितली.

चुली पुढेही वेगळ्याच राहिल्या, माडांच्या हद्दीवरून कुरबुरीही झाल्या. पण देव माणसाच्या घरी जन्माला आला म्हणजे काय, हे मला कळलं ते त्या दुपारी. त्याच्या आईला थंडी वाजत असणार, तिला कुणीतरी ऊब द्यायला हवी, आणि ते काम आपलं. पुढे मोठी झाल्यावर नाताळात गावात कुणी बाळंतीण असली की मी आधी तिच्याकडे लाकडं पोचवत असे, मग पाद्रीबाबांच्या देवळात जात असे.