मोरपंखीच्या मुळाशी मीठ

आमच्या थळच्या अंगणात जे खाता येतं तेच लावायची रीत. माड, शेवगा, आळू, कढीपत्ता. त्यामुळे माणगावच्या नर्सरीतून मी मोरपंखीचं रोप आणलं, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याला काय लागतंय?"

"काही नाही, बाबा. नुसतं बघायचं."

"बगाया झाड," असं पुटपुटत ते आत गेले.

दोन वर्षांत ते माझ्या कमरेएवढं झालं, बाराही महिने हिरवंगार. फाटकापाशी ते उभं दिसलं की मला उगीचच बंगलेवाली झाल्यासारखं वाटायचं. मग ते एका बाजूने करपायला लागलं. मी खाऱ्या वाऱ्याला शिव्या घातल्या, नर्सरीवाल्याला घातल्या, शेजारच्या बकरीलाही सोडलं नाही.

एका सकाळी चोर सापडला. सासरे झाडाच्या त्याच बाजूला बसून मुळाशी खडेमीठ पसरत होते. माडाला घालतात तसं, अगदी मायेने. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला.

"माडाला चालतं, तर याला का न्हाय?" ते म्हणाले. "वाढत न्हाय वाटलं, म्हणून देतो अधनंमधनं."

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला मीठ सोडून दुसरं काही कळतं का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. तोवर ते हात झटकून आत गेले होते. जेवतानाही त्यांनी मान वर केली नाही. मला माझीच लाज वाटत होती, पण माफी काही तोंडातून फुटेना.

दुसऱ्या दिवशी कुदळीच्या आवाजाने जाग आली. खारवलेली माती उपसून सासऱ्यांनी झाडापासून गटारापर्यंत उताराचा नेटका चर काढला होता.

"पानी आन, बाय. भरायचं आनि सोडायचं. मीठ पान्याबरोबर जातं."

आठवडाभर आम्ही दोघं तेच करत होतो.

झाड वाचलं. करपलेली बाजू मात्र बोडकीच राहिली, आणि नेमकी तीच ओटीवरून दिसते. हल्ली पाहुणे आले की सासरे आपली खुर्ची उचलतात आणि त्या बाजूला जाऊन झाडाला पाठ लावून बसतात. "सुनेनं वाढवलंय," असं सांगतात. एका खुर्चीने सगळं झाकलं जात नाही. म्हणून त्यांच्या हातात चहा दिला की मीही तिथेच, त्यांच्या शेजारी उभी राहते.